इलेक्ट्रॉनिक कनेक्टरचा वाढता बाजार आणि नागपूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा एमआयडीसीत केबल असेंब्ली (टोकांना जोड बसवलेल्या तयार केबल) आणि हार्नेस (अनेक तारा एकत्र बांधलेले जुडगे) यांचे काम करताना लघुउद्योजक, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, सौर पॅनेल बसवणारे ठेकेदार आणि बर्डीवरचे (सीताबर्डी बाजारातले) दुकानदार यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ज्यांना केवळ जागतिक बाजाराचा अंदाज हवा आहे, त्यांना सुरुवातीची काही उत्तरे पुरतील. या धंद्यात पैसा घालायचा विचार असेल, तर मात्र मुलामा, तापमान आणि क्रिंपिंग (तारेच्या टोकावर धातूचे टर्मिनल दाबून बसवणे) यांविषयी लिहिलेले आधी वाचावे, अशी विनंती आहे.

कनेक्टर म्हणजे नेमके काय, आणि त्याचा वेगळा बाजार कसा मोजतात?

दोन तारा, तार आणि सर्किट बोर्ड किंवा दोन बोर्ड यांना असे जोडणारा भाग, की जोड पक्का बसावा पण गरज पडल्यास सोडवताही यावा, त्याला कनेक्टर म्हणतात. मोबाइलच्या चार्जिंगची खाच, संगणकाच्या मागचा नेटवर्कचा सॉकेट, मोटारसायकलच्या हेडलाइटमागचा प्लास्टिकचा चौकोनी जोड, सौर पॅनेलच्या तारेच्या टोकाचा काळा नळीसारखा जोड हे सगळे कनेक्टरच आहेत. त्याच्या आत पितळ, फॉस्फर ब्राँझ किंवा बेरिलियम कॉपरची पिन असते, पिनेवर कथील, चांदी किंवा सोन्याचा मुलामा असतो आणि बाहेर नायलॉन, पीबीटी किंवा एलसीपी या प्लास्टिकचे घर असते.

बाजार मोजताना हा भाग ज्या उद्योगात वापरला जातो त्यानुसार विभागणी करतात : वाहने, दळणवळण आणि डेटा सेंटर, कारखान्यांतील यंत्रे, संरक्षण व विमानवाहतूक, रेल्वे, वैद्यकीय उपकरणे आणि घरगुती वस्तू. ही विभागणी लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण हे सगळे विभाग एकाच वेळी, एकाच वेगाने वाढत नाहीत.

जागतिक बाजार आज केवढा आहे?

अलीकडच्या वर्षांत जगभरातील वार्षिक विक्री ढोबळमानाने ८० ते ९० अब्ज डॉलरच्या घरात राहिली आहे. देश म्हणून पाहिले तर सर्वांत मोठा ग्राहक चीन आहे, कारण जगातील बहुसंख्य फोन, संगणक आणि विजेवरच्या गाड्या तिथे तयार होतात. कनेक्टर जिथे उपकरण जुळवले जाते तिथे विकला जातो, मग ते उपकरण शेवटी नागपुरात वापरले जावो की नैरोबीत.

वेगवेगळ्या अहवालांत वाढीचे दर इतके वेगळे का असतात?

याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे मोजमापाची व्याख्या. काही अहवाल केवळ सुट्या कनेक्टरची विक्री धरतात, तर काही तारेसह तयार केबल असेंब्ली आणि वाहनांचे हार्नेसही त्यात घालतात, आणि मग आकडा आपोआप फुगतो. दुसरे कारण असे की, वार्षिक दरातील थोडासा फरक दहा वर्षांत फार मोठा होतो. आजची विक्री ८० अब्ज डॉलर धरली आणि दर ५ टक्के मानला, तर दहा वर्षांनी ती सुमारे १३० अब्ज होते. दर ८ टक्के मानला, तर सुमारे १७३ अब्ज होते. बहुतेक अंदाज या ५ ते ८ टक्क्यांच्या पट्ट्यातच असतात आणि दोन्ही टोके कागदावर सारखीच पटण्यासारखी दिसतात.

म्हणून बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात जागतिक वाढीचा दर पहिल्या पानावर छापण्याला मी फारसे महत्त्व देत नाही. आपण ज्या पाच-सात ग्राहकांना माल देणार आहोत, त्यांच्या पुढच्या दोन वर्षांच्या उत्पादनाच्या योजना हातात असणे त्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे असते.

हा बाजार नेहमीच चढता राहिला आहे का?

नाही. दीर्घ पल्ल्यात तो वाढला आहे, पण वाटेत खोल खड्डे आले. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्यावर २००१ च्या सुमारास आणि जागतिक आर्थिक संकटानंतर २००९ मध्ये विक्री जोरात घसरली. २०२० मध्ये करोनामुळे थोडी घट झाली आणि २०२१ मध्ये लगेच मोठी उसळी आली.

त्या उसळीच्या काळात जे झाले ते आजही धडा म्हणून पाहावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये भयंकर हिमवादळ आले आणि तिथले रसायनांचे कारखाने बंद पडले. कनेक्टरच्या घरासाठी लागणाऱ्या नायलॉनसारख्या प्लास्टिकचा पुरवठा त्यामुळे आटला. माल मिळायला एरवी सहा-आठ आठवडे लागत, तिथे सहा-सहा महिने लागू लागले. घाबरलेल्या ग्राहकांनी गरजेच्या दुप्पट-तिप्पट ऑर्डरी टाकल्या आणि माल एकदम हाती आल्यावर गोदामे भरली. २०२३ मध्ये बाजार काहीसा मंदावला, त्यामागे मागणी आटण्याइतकाच हा साठून राहिलेला मालही होता. ऑर्डरबुक भरलेले दिसले म्हणजे खरी मागणी तितकीच आहे असे समजू नये. त्यातला कितीतरी भाग भीतीपोटी टाकलेला असतो.

सध्याची सर्वांत वेगवान वाढ कुठून येत आहे?

डेटा सेंटरमधून, आणि त्यातही कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या संगणकांतून. याचे एक ठळक उदाहरण म्हणजे एनव्हिडियाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेला जीबी२०० एनव्हीएल७२ हा रॅक. एका कपाटात ७२ ग्राफिक प्रोसेसर बसवलेले असतात आणि ते सगळे एकमेकांशी एकाच मोठ्या प्रोसेसरसारखे बोलावेत यासाठी पाठीमागे ५,००० हून अधिक तांब्याच्या केबल असतात. त्यांची एकूण लांबी सुमारे दोन मैल भरते. प्रत्येक केबलला दोन टोके असतात, म्हणजे एका कपाटात किती जोड बसले याचा हिशेब वाचकांनीच करावा. प्रकाशतंतूऐवजी तांबे वापरण्याचे कारणही कंपनीने सांगितले होते : प्रकाशतंतूसाठी लागणाऱ्या ट्रान्सीव्हरनीच (विजेचा सिग्नल प्रकाशात आणि प्रकाशाचा विजेत बदलणाऱ्या भागांनीच) एका रॅकमागे सुमारे २० किलोवॅट वीज खाल्ली असती.

इथे कनेक्टरची संख्या तर वाढतेच, पण त्याहून जास्त वाढते ते प्रत्येक कनेक्टरचे मोल. एका मार्गिकेवरून सेकंदाला २२४ गिगाबिट माहिती जायची असेल, तर पिनेचा आकार, तिच्या बाजूचे प्लास्टिक, बोर्डवरचा झाळलेला पॅड, सगळेच सिग्नल बिघडवू शकते. असा कनेक्टर रचायला अनेक वर्षांचे संशोधन आणि त्याच्या साच्यांना फार मोठी गुंतवणूक लागते. म्हणूनच हे काम जगात मोजक्याच कंपन्यांकडे आहे.

त्याचा परिणाम ताळेबंदात स्पष्ट दिसतो. ॲम्फेनॉल या मोठ्या कनेक्टर कंपनीची विक्री २०२३ मध्ये सुमारे १२.६ अब्ज डॉलर होती, ती २०२४ मध्ये १५.२ अब्ज झाली. यात विकत घेतलेल्या कंपन्यांचाही वाटा आहे, पण डेटा सेंटरची मागणी हे मोठे कारण होते. त्याच सुमारास टीई कनेक्टिव्हिटी या तितक्याच मोठ्या कंपनीची विक्री १६ अब्जांवरून १५.८ अब्जांवर, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी राहिली, कारण तिच्या धंद्याचा फार मोठा भाग वाहनांवर अवलंबून आहे. बाजार एकच, काळही जवळजवळ एकच, पण कोण कोणाला विकतो यावर सगळे ठरले.

विजेवरच्या गाड्यांमुळे नेमके काय बदलले?

पेट्रोलच्या गाडीत १२ व्होल्टची तारांची जाळी असते. विजेवरच्या कारमध्ये तिच्या जोडीला ४०० व्होल्टची, आणि काही गाड्यांत ८०० व्होल्टची वेगळी जाळी येते. पोर्शेने २०१९ मध्ये टायकान ही ८०० व्होल्टची गाडी आणली आणि त्यानंतर इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. या उच्च दाबाच्या जोडांना केशरी रंगाचे आवरण असते, चुकून हात लागू नये अशी रचना असते आणि जोड पूर्ण सुटण्याआधी विद्युतप्रवाह तोडणारी इंटरलॉकची छोटी पिन असते. असा एक जोड साध्या जोडाच्या कितीतरी पट महाग पडतो.

दुसऱ्या बाजूने तारांची संख्या कमी करण्याचाही प्रयत्न चालू आहे. गाडीचे चार-पाच विभाग करून प्रत्येक विभागाला एक नियंत्रक द्यायचा, म्हणजे पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत स्वतंत्र तार ओढावी लागत नाही. यात तांबे वाचते, साधे जोड कमी होतात आणि कॅमेरे व रडारसाठी वेगवान माहिती वाहणारे जोड वाढतात.

चार्जिंगच्या जोडांबाबत भारतात कारसाठी सीसीएस-२ हा प्रकार स्थिरावला आहे. दुचाकी आणि तीनचाकींसाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १७०१७ या मालिकेत एसी आणि डीसी दोन्ही चार्जिंग एकाच जोडातून करणारे मानक २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. नागपूरकरांना हा विषय नवा नाही. मे २०१७ मध्ये विजेवरच्या टॅक्सी, रिक्षा आणि बसचा देशातील पहिला एकत्रित प्रयोग याच शहरात सुरू झाला होता.

सगळीकडे यूएसबी टाइप-सी आल्याने धंदा कमी होणार नाही का?

वेगवेगळ्या आकारांचे जोड कमी झाले, हे खरे आहे. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीचे झाले आणि लॅपटॉपसाठी ती तारीख २८ एप्रिल २०२६ ठरली. ॲपलने त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ला टाइप-सी दिले. भारतातही ब्युरोने टाइप-सीचे मानक स्वीकारले आहे.

पण टाइप-सीमध्ये २४ पिना आहेत, तर आयफोनच्या जुन्या लायटनिंग जोडामध्ये फक्त ८ होत्या. शिवाय तो १०,००० वेळा काढला-घातला तरी टिकावा अशी अपेक्षा असते. म्हणजे एका प्रकारच्या मालाची मागणी प्रचंड आणि त्याच्या अचूकतेची अटही कडक. लहान कारखानदाराला मात्र यात शिरणे अवघड आहे, कारण इथे स्पर्धा एका नगामागच्या पैशांत मोजली जाते.

वायरलेसमुळे कनेक्टरची गरजच संपेल का?

फोनमधून हेडफोनची खाच गेली, हे बहुतेकांना आठवत असेल. पण ज्या वायरलेस इअरफोनने तिची जागा घेतली त्याच्या डबीला चार्जिंगचा जोड लागतो, राउटरला लागतो, टॉवरवरच्या अँटेनाला लागतो. हवेतून जाणाऱ्या प्रत्येक सिग्नलच्या दोन्ही टोकांना तारा आणि जोड आहेतच.

तांबे आणि सोने महागल्याचा किती फटका बसतो?

बराच, आणि तो सगळ्यांना सारखा बसत नाही. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातुबाजारात तांबे टनाला ११,००० डॉलरच्या वर गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने औंसाला ४,००० डॉलरची पातळी ओलांडली. आपल्यापासून फार दूर नसलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडला देशातील सर्वांत मोठी तांब्याची खाण आहे, तरीही देशाची गरज तेवढ्याने भागत नाही. थूथुकुडीचा मोठा तांबे शुद्धीकरण कारखाना २०१८ मध्ये बंद झाल्यानंतर आयातीवरचे अवलंबन आणखी वाढले.

सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. महत्त्वाच्या जोडांवर साधारण ०.७६ मायक्रॉन, मध्यम प्रतीवर ०.३८ मायक्रॉन आणि नुसता रंग यावा इतकाच, ज्याला फ्लॅश म्हणतात, तो ०.१ मायक्रॉनच्याही आत असतो. डोळ्यांना तिन्ही सारखेच पिवळे दिसतात. सोने महागले की पहिली काटकसर इथे होते, आणि ती खरेदीच्या टेबलावर कोणाला कळत नाही. फ्लॅशचा जोड वीस-तीस वेळा काढला-घातला की खालचे निकेल उघडे पडते. म्हणून खरेदीच्या ऑर्डरमध्ये ‘गोल्ड प्लेटेड’ एवढेच लिहू नये. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये लिहावी आणि तिचा चाचणी अहवाल मागावा.

याला जोडूनच एक सूचना आहे. सोन्याच्या मुलाम्याची पिन कथलाच्या मुलाम्याच्या सॉकेटमध्ये घालू नये. गाडीच्या किंवा यंत्राच्या बारीक थरथरीने कथलाचा ऑक्साइड सोन्यावर चिकटतो आणि काही महिन्यांनी जोड मध्येच तुटल्यासारखा वागू लागतो.

या धंद्यातल्या मोठ्या कंपन्या कोणत्या, आणि त्या एकत्र का येत आहेत?

टीई कनेक्टिव्हिटी, ॲम्फेनॉल आणि मोलेक्स ही अमेरिकी नावे सर्वांत वर आहेत. मोलेक्स २०१३ पासून कोच उद्योगसमूहाच्या मालकीची आहे. जपानच्या याझाकी, जेएसटी आणि हिरोसे, चीनची लक्सशेअर, तैवानच्या फॉक्सकॉनची कनेक्टर शाखा आणि जर्मनीच्या फिनिक्स काँटॅक्ट, हार्टिंग व रोझेनबर्गर या इतर ठळक कंपन्या आहेत. ॲम्फेनॉलचा कारखाना आपल्याच राज्यात, पुण्यात आहे.

नवा कनेक्टर ग्राहकाच्या यंत्रात मंजूर करून घ्यायला वर्षे लागतात. मंजूर झालेली यादी असलेली कंपनीच विकत घेतली तर ती वर्षे वाचतात. ॲम्फेनॉलने ऑगस्ट २०२५ मध्ये कॉमस्कोप या कंपनीचा केबल आणि जोडणीचा विभाग सुमारे १०.५ अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला, तो याच हिशेबाने.

भारत या चित्रात कुठे आहे?

देशातील इलेक्ट्रॉनिक उत्पादन २०१४-१५ मध्ये सुमारे १.९ लाख कोटी रुपयांचे होते, ते २०२४-२५ मध्ये ११.३ लाख कोटींवर गेल्याचे सरकारी आकडे सांगतात. त्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा मोबाइल फोनचा आहे. मात्र फोन इथे जुळवला जात असला तरी त्याच्या आतले कनेक्टर अजून बहुतांशी आयात होतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने आधी २०२० मध्ये स्पेक्स ही योजना आणली, ज्यात यंत्रसामग्रीवरील खर्चाच्या २५ टक्के साहाय्य होते. मार्च २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २२,९१९ कोटी रुपयांची इलेक्ट्रॉनिक घटक उत्पादन योजना मंजूर केली आणि तिच्यात इलेक्ट्रो-मेकॅनिकल घटकांना, ज्या वर्गात कनेक्टर मोडतात, स्वतंत्र स्थान आहे. किमान गुंतवणुकीची अट पाहता ही योजना लहान युनिटसाठी नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. लहान युनिटला तिचा लाभ अप्रत्यक्ष मिळेल : मोठे कारखाने आले की साचे, प्रेस टूल, मुलामा आणि तपासणी यांची कामे बाहेर दिली जातात.

नागपूर परिसरात मागणी कुठे आहे?

नागपुरात मोबाइलचे कारखाने नाहीत, आणि म्हणून अनेकांना वाटते की इथे या धंद्याला वाव नाही. हा समज मला मान्य नाही. नागपूरची मागणी संख्येने लहान आहे, पण ज्या क्षेत्रांत जोड निकामी होणे परवडत नाही अशा क्षेत्रांची आहे.

रेल्वेपासून सुरुवात करू. अजनीला विद्युत इंजिनांचे मोठे शेड आहे, मेट्रोचा पहिला टप्पा धावतो आहे आणि दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. रेल्वेतील जोडांना सततची थरथर, धूळ आणि आगीसंबंधीच्या कडक अटी सोसाव्या लागतात, आणि त्यांची देखभाल तीस-तीस वर्षे चालते. मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक क्षेत्रात एअर इंडियाच्या विमानांसाठी उभारलेले देखभाल केंद्र आहे आणि दसॉ-रिलायन्सचा विमानांचे भाग बनवणारा कारखाना आहे. फाल्कन २००० हे विमान पूर्णपणे इथे जुळवण्याचा निर्णय जून २०२५ मध्ये जाहीर झाला. बाजारगाव परिसरात संरक्षण सामग्री तयार होते. हिंगण्याला ट्रॅक्टरचा कारखाना आहे, भंडाऱ्याजवळ ट्रकचा आहे. विदर्भातील खाणी आणि कोराडी, खापरखेडा येथील वीज केंद्रांत सेन्सर आणि नियंत्रण पॅनेलची दुरुस्ती कधी थांबत नाही. शिवाय प्रधानमंत्री सूर्यघर योजनेमुळे, जिचे लक्ष्य एक कोटी घरे आहे, छतावरच्या सौर जोडांची मागणी गल्लीबोळांत पोहोचली आहे.

या प्रत्येक ठिकाणी ग्राहक शंभर-दोनशे नग मागतो आणि ते लवकर मागतो. मुंबई-पुण्याच्या वितरकाला इतक्या छोट्या ऑर्डरीत रस नसतो.

मग इथे कनेक्टरच बनवावेत की हार्नेस?

माझे स्पष्ट मत असे आहे की, सुरुवात हार्नेस आणि केबल असेंब्लीपासून करावी. कनेक्टर बनवण्यासाठी वेगवान स्टँपिंग प्रेस, मुलाम्याची अखंड लाइन, प्लास्टिकचे अचूक साचे आणि लाखो नगांची हमी लागते. हार्नेसचे काम मात्र आजही मोठ्या प्रमाणात हातांनी होते : तार कापणे, सोलणे, टर्मिनल दाबणे, फळ्यावर मांडणे, टेप गुंडाळणे, शेवटी प्रत्येक टोक तपासणे. मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनमधील हार्नेसचे कारखाने थांबले, तेव्हा जर्मनीतील नामांकित कारखान्यांच्या गाड्यांच्या लाइन बंद ठेवाव्या लागल्या. इतके साधे दिसणारे काम दुसरीकडे चटकन हलवता येत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळले.

या कामात विदर्भातील मुलींचे हात फार चांगले बसतात, हे मी रोज पाहतो. आमच्याकडे हार्नेसच्या फळ्यावर काम करणाऱ्या ताई तारेचा रंग आणि लांबी न मोजता ओळखतात आणि एखादे टर्मिनल पूर्ण बसले नसेल तर ‘टक’ असा आवाज आला नाही म्हणून मान वर करून पाहतात. या कौशल्याला योग्य पगार आणि रीतसर प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. हार्नेसच्या दर्जासाठी आयपीसी या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेचे ए-६२० हे मानक जगभर वापरले जाते आणि त्याचे प्रशिक्षण भारतात उपलब्ध आहे.

क्रिंपिंगवर इतका भर का?

कारण शेतात किंवा रस्त्यावर बिघडलेल्या जोडांपैकी फार मोठा भाग कनेक्टरच्या दोषाने नव्हे, तर टर्मिनल तारेवर नीट न दाबल्याने बिघडतो. पक्कडीने दाबलेले टर्मिनल बाहेरून घट्ट दिसते, पण आत तारेच्या बारीक केसांमध्ये हवा राहते, तिथे गंज चढतो. योग्य डायने (त्या टर्मिनलच्या मापाच्या साच्याने) दाबलेले टर्मिनल मधून कापून भिंगाखाली पाहिले, तर सगळे केस मधमाशांच्या पोळ्यासारखे एकमेकांना चिकटून षटकोनी झालेले दिसतात आणि मध्ये काळा ठिपकाही नसतो. दाबलेल्या भागाची उंची मायक्रोमीटरने मोजतात, तिथे सहसा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. दर पाळीच्या सुरुवातीला पाच नग ओढून तोडून पाहायचे, ही शिस्त यंत्र विकत घेण्याआधी लावावी.

नागपूरच्या उन्हाळ्याचा कनेक्टरवर परिणाम होतो का?

निश्चित होतो, आणि डेटाशीट (कंपनीने दिलेला मालाचा तांत्रिक तक्ता) वाचताना हीच गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. कनेक्टरवर १० अँपिअर असे लिहिलेले असते, तेव्हा बहुधा त्याचा अर्थ असा असतो की तेवढ्या प्रवाहाने जोड भोवतालच्या हवेपेक्षा ३० अंशांनी तापतो. प्रयोगशाळेत हवा २५ अंशांची असते, म्हणजे जोड ५५ अंशांवर राहतो. आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पत्र्याच्या शेडवर, बंद डब्यात, मेच्या दुपारी ६५ अंश सहज होतात. त्यात ३० मिळवले की ९५. ज्या कनेक्टरची मर्यादा ८५ अंशांची आहे, तो तिथे पूर्ण प्रवाहावर चालवणे म्हणजे त्याला हळूहळू भाजणे होय. म्हणून डेटाशीटमधील डीरेटिंगचा, म्हणजे तापमान वाढेल तसा प्रवाह किती कमी ठेवावा याचा आलेख पाहावा, आणि उघड्यावरच्या कामासाठी १०५ किंवा १२५ अंशांचा माल घ्यावा.

सौर पॅनेलसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे जोड एकमेकांत बसतात. ते वापरावेत का?

वापरू नयेत. दोन वर्षांपूर्वी वाडीजवळच्या एका गोदामाच्या छतावर पॅनेलच्या एका ओळीची वीज कमी येते म्हणून आम्हाला बोलावले होते. पॅनेलला एका कंपनीचा जोड होता आणि ठेकेदाराने लांबवलेल्या तारेला दुसऱ्या कंपनीचा. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे, एकमेकांत घालताना टक असा आवाजही येणारे. सोडवू गेलो तर प्लास्टिक वितळून एकमेकांत मिसळले होते. करवतीने कापल्यावर आतली पिन निळसर-काळी झालेली दिसली आणि खाली ठेवलेल्या तारांच्या आवरणालाही चटका बसला होता. आणखी एक उन्हाळा तसाच गेला असता, तर खालच्या मालाला आग लागली असती.

हिशेब सोपा आहे. चांगल्या जोडाचा रोध ०.३५ मिलिओहमच्या आसपास असतो. १२ अँपिअर प्रवाहाला त्यात जेमतेम ०.०५ वॅट उष्णता तयार होते. पिन आणि सॉकेट यांचे माप जरा जुळले नाही आणि रोध वाढत वाढत ५० मिलिओहम झाला, तर तीच उष्णता ७.२ वॅट होते, तीही बोटाएवढ्या बंद प्लास्टिकमध्ये. सौर जोडांची चाचणी आयईसी ६२८५२ या मानकानुसार होते, आणि ती चाचणी एकाच कंपनीच्या जोडीची असते. एमसी४ हा सौर पॅनेलचा सर्वपरिचित जोड मूळ स्टॉब्ली कंपनीचे उत्पादन. बाजारात त्या नावाने विकला जाणारा सगळा माल तिचा नसतो.

कनेक्टरसाठी एचएसएन कोड (करासाठी मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) कोणता?

बहुतेक प्लग आणि सॉकेट ८५३६ या शीर्षकात येतात, प्रकाशतंतूचे जोड ८५३६ ७० मध्ये आणि वाहनांचे तयार हार्नेस ८५४४ ३० मध्ये येतात. अंतिम वर्गीकरण आपल्या कर सल्लागाराकडून तपासून घ्यावे, कारण तारेसह आणि तारेविना माल वेगळ्या शीर्षकांत जातो.

बर्डीवर मिळणारा स्वस्त, बिननावाचा माल घेतला तर चालेल का?

प्रयोगासाठी, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी किंवा टेबलावरच्या चाचणीसाठी जरूर घ्यावा; बर्डीवरच्या दुकानांत पाच नगही मिळतात, ही सोय मोठी आहे. ग्राहकाला द्यायच्या यंत्रात मात्र ज्याच्या पाकिटावर भाग क्रमांक आणि बॅचची तारीख छापलेली आहे, असाच माल वापरावा आणि अधिकृत वितरकाचे बिल जपून ठेवावे. शंका आली तर तीन साध्या गोष्टी घरीच तपासता येतात. घराचे प्लास्टिक मूळ नमुन्याच्या शेजारी ठेवून साच्याच्या रेषा आणि अक्षरांची धार पाहावी. पिनेला लोहचुंबक लावावे. तांब्याच्या मिश्रधातूची पिन चुंबकाला जोरात चिकटत असेल तर आत लोखंड आहे. आणि तोच जोड वीस वेळा काढून-घालून मिलिओहममीटरने रोध मोजावा. पहिल्या आणि विसाव्या वेळच्या आकड्यात ठळक फरक पडला, तर तो माल दुकानदाराला परत करावा.